एडिटरच्या कंपाइल झालेल्या फायली : कुठे ठेवायच्या, कधी पुसायच्या

ईमॅक्स आणि निओव्हिम हे एडिटर वापरणाऱ्या वाचकांचे या वेळचे बरेच प्रश्न एकाच गोष्टीभोवती आहेत. आपण लिहिलेली सेटिंगची फाइल एक असते आणि तिच्यापासून एडिटरने परस्पर कंपाइल करून, म्हणजे मजकूर यंत्राला सोयीच्या रूपात बदलून, तयार केलेल्या फायली अनेक. त्या कुठे पडतात, कुठे पडायला हव्यात आणि त्यांच्यामुळे काय बिघडतं, एवढ्यावरच हे सदर या वेळी दिलं आहे. कमांड, फोल्डर आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती रोमन लहान अक्षरांत टाइप करायची; टिंब, जोडरेघ, तिरकी रेघ आणि कंस जसेच्या तसे.

प्रश्न : माझी ईमॅक्सची सगळी सेटिंग गिटमध्ये आहे. पण त्याच फोल्डरमध्ये .ईएलसी फायली आणि ईएलएन-कॅश नावाचं एक फोल्डर वाढतच चाललंय. यातलं काय ठेवायचं, काय हलवायचं? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

आधी तिन्ही प्रकार वेगळे करून घ्या. .ईएल म्हणजे तुम्ही लिहिलेला मूळ मजकूर. .ईएलसी म्हणजे त्याचा बाइटकोड, म्हणजे कंपाइल केलेलं रूप. तो ईमॅक्सच वाचू शकतो आणि तो मूळ फाइलीच्या शेजारीच तयार होतो. .ईएलएन हा तिसरा प्रकार एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ईमॅक्स २८ पासूनचा. त्यात लिबजीसीसीजिट ही लायब्ररी बाइटकोडच्या पुढे जाऊन थेट प्रोसेसरचा कोड बनवते. .ईएलएन फाइल ही खरं तर लिनक्सवरची साधी शेअर्ड लायब्ररीच असते.

गिटमध्ये, म्हणजे फायलींचे बदल नोंदवणाऱ्या साधनात, फक्त .ईएल जायला हवी. बाकी दोन्ही मूळ फाइलीपासून केव्हाही पुन्हा तयार होतात. .ईएलसी गिटमध्ये न टाकण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते महत्त्वाचं आहे. गिट फाइलीची मूळ वेळ जपत नाही. दुसऱ्या मशीनवर क्लोन केलं, म्हणजे सगळं उतरवून घेतलं, की सगळ्या फायलींना त्या क्षणाची वेळ मिळते. मग .ईएल नवी की .ईएलसी नवी, हे ईमॅक्सने ठरवायचं कशावरून? कोणती आधी डिस्कवर उतरली, यावर. म्हणजे निव्वळ योगायोगावर.

.गिटइग्नोर फाइलीत तीन ओळी घाला: *.ईएलसी, ईएलएन-कॅश/ आणि ईएलपीए/. शेवटचं फोल्डर डाउनलोड केलेल्या पॅकेजांचं आहे. या फायली आधीच गिटमध्ये गेल्या असतील तर नुसत्या इग्नोरने भागत नाही, कारण गिट एकदा नोंदवलेल्या फायलींवर लक्ष ठेवतच राहतं. त्यासाठी "गिट आरएम -आर --कॅश्ड ईएलएन-कॅश" अशी कमांड द्या. ती फायली डिस्कवर ठेवते, फक्त नोंदीतून काढते. मग कमिट करा.

ईएलएन-कॅश मात्र सेटिंगच्या फोल्डरबाहेर न्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पॅकेजं बरीच असतील तर ते पन्नास-शंभर एमबीपर्यंत सहज जातं आणि सेटिंगच्या बॅकअपमध्ये त्याचं काही काम नसतं. ईमॅक्स २९ किंवा पुढची आवृत्ती असेल तर सेटिंगच्या फोल्डरमध्ये अर्ली-इनिट.ईएल ही फाइल उघडा, नसेल तर तयार करा, आणि त्यात ही ओळ लिहा:

(स्टार्टअप-रीडायरेक्ट-ईएलएन-कॅश "~/.कॅश/ईमॅक्स/ईएलएन-कॅश/")

ईमॅक्स २८ मध्ये हे फंक्शन नाही. तिथे नेटिव्ह-कॉम्प-ईएलएन-लोड-पाथ या यादीतला पहिला पत्ता सेटकार वापरून बदलावा लागतो. ही यादी पूर्ण पुसून नवी करू नका. तिच्या शेवटी ईमॅक्सच्या स्वतःच्या .ईएलएन फायलींचं सिस्टीम फोल्डर असतं, ते तिथेच राहू द्या.

ही ओळ इनिट.ईएल या मुख्य सेटिंगच्या फाइलीत लिहिली तर उशीर होतो. अर्ली-इनिट वाचून झालं की ईमॅक्स पॅकेजं सक्रिय करतं आणि त्यानंतर इनिट.ईएलकडे वळतं. तोपर्यंत काही फायली जुन्या जागी गेलेल्या असतात आणि कॅश दोन ठिकाणी तयार होते. बदल केल्यावर ईमॅक्स बंद करून उघडा, कंट्रोल-एच व्ही दाबून नेटिव्ह-कॉम्प-ईएलएन-लोड-पाथ बघा. यादीत पहिला पत्ता नवा दिसला की जुनं ईएलएन-कॅश फोल्डर पुसा. थोडा वेळ काम करून परत बघा. ते फोल्डर पुन्हा उगवलं असेल तर ओळ चुकीच्या फाइलीत आहे, किंवा ईमॅक्स दुसरंच सेटिंग फोल्डर वाचतंय. त्याबद्दल पुढे हिंगोलीच्या प्रश्नात.

प्रश्न : इनिट.ईएलमध्ये फाँट बदलला, सेव्ह केलं, ईमॅक्स बंद करून उघडलं तरी जुनाच फाँट. कधी कधी दुसऱ्या दिवशी आपोआप लागू होतं! लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहेत. काय भानगड आहे ही? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, लातूर

"दुसऱ्या दिवशी आपोआप" आणि "दोन्ही सिस्टीम", या दोन गोष्टी तुम्ही लिहिल्यात ते बरं झालं. उत्तर त्यातच आहे.

ईमॅक्सला एखादी फाइल नावाने लोड करायला सांगितली की ते आधी .ईएलसी शोधतं, ती नसेल तरच .ईएल घेतं. .ईएलसी जुनी असली तरी मूळ सेटिंगनुसार तीच लोड होते. फक्त एक सूचना येते की मूळ फाइल नवी आहे. इनिटच्या बाबतीत ती सूचना सेकंदभर खाली दिसते आणि जाते; बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तुमच्याकडे कधीतरी इनिट.ईएलसी तयार झाली असणार आणि तेव्हापासून तीच वाचली जात असणार.

यावरचा पहिला उपाय म्हणजे अर्ली-इनिट.ईएलमध्ये (सेटक्यू लोड-प्रिफर-न्यूअर टी) ही ओळ. मग दोन्हींपैकी ज्या फाइलीची वेळ नंतरची, ती लोड होते. स्वतः अर्ली-इनिट.ईएलला मात्र ही सोय मिळत नाही, कारण ती ओळ वाचायच्या आधीच कोणती फाइल घ्यायची ते ठरलेलं असतं. म्हणून अर्ली-इनिट.ईएल कधीच कंपाइल करू नका. फाइल चार-सहा ओळींची असते, वेळ काहीच वाचत नाही. तिच्या पहिल्या ओळीत, अर्धविरामांनंतर, -*- नो-बाइट-कंपाइल: टी; -*- असं लिहिलं की चुकूनही तिची .ईएलसी बनणार नाही.

पण तुमचा घोटाळा एवढ्यावर थांबत नाही. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, उबुंटू त्याच घड्याळातली वेळ जागतिक वेळ समजून वाचतं. दुपारचे साडेतीन वाजले असतील तर उबुंटूला रात्रीचे नऊ दिसतात. बरोबर साडेपाच तासांचा फरक. इंटरनेट जोडलं की घड्याळ आपोआप दुरुस्त होतं, पण तोवर कंपाइल झालेल्या .ईएलसीवर भविष्यातली वेळ पडलेली असते. त्यानंतर दुरुस्त घड्याळावर तुम्ही .ईएल कितीही वेळा सेव्ह केली तरी पुढचे साडेपाच तास ती "जुनी"च ठरते आणि लोड-प्रिफर-न्यूअर लावूनही .ईएलसी जिंकते. ती वेळ उलटून गेल्यावर केलेला बदल मात्र लागू होतो. दुसऱ्या दिवशी फाइलीला हात लावून सेव्ह केली की "आपोआप" झाल्यासारखं वाटतं ते यामुळे.

उबुंटूमध्ये टर्मिनलवर "सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १" अशी कमांड एकदा द्या (आकडा रोमन). उबुंटू मग त्या घड्याळाला स्थानिक वेळ मानेल. ही कमांड स्वतःच एक इशारा छापते, कारण उन्हाळी वेळ बदलणाऱ्या देशांत या पद्धतीचा त्रास होतो. भारतात वर्षभर एकच वेळ असल्याने आपल्याकडे ती अडचण येत नाही. त्यानंतर सध्याच्या सगळ्या .ईएलसी एकदा पुसून नव्याने बनवा:

फाइंड ~/.कॉन्फिग/ईमॅक्स -नेम '*.ईएलसी' -डिलीट

तुमचं फोल्डर ~/.ईमॅक्स.डी असेल तर तो पत्ता घाला. -डिलीट हा शब्द शेवटीच हवा. तो -नेमच्या आधी टाकला तर फाइंड नाव न बघता त्या फोल्डरमधलं सगळंच पुसतं, मूळ .ईएल फायलींसकट. ही कमांड पॅकेजांच्याही .ईएलसी काढते, म्हणून नंतर ईमॅक्समध्ये ऑल्ट-एक्स पॅकेज-रीकंपाइल-ऑल चालवा. ही सोय ईमॅक्स २९ पासून आहे.

एक प्रकार मात्र घड्याळ बरोबर असूनही होतो. एका फाइलीत मॅक्रो, म्हणजे कंपाइल होताना पूर्ण कोडमध्ये उलगडणारा तुकडा, लिहिलेला आणि दुसऱ्या फाइलीत तो वापरलेला असतो. कंपाइल होताना मॅक्रोचा विस्तार दुसऱ्या फाइलीच्या .ईएलसीमध्ये कायमचा छापला जातो. पुढे तुम्ही मॅक्रो बदलला तर पहिली फाइल नवी ठरते, पण दुसरीला कुणी हात लावलेला नसतो, तिची .ईएलसी वेळेच्या हिशेबाने अगदी ताजी असते. आत मात्र जुनाच मॅक्रो. "इनव्हॅलिड फंक्शन" अशी चूक अचानक येऊ लागली तर आधी याचाच संशय घ्या आणि सगळं नव्याने कंपाइल करा. मोठं पॅकेज अपडेट केल्यावर आणि ईमॅक्सची मुख्य आवृत्ती बदलल्यावर हे हमखास करावं.

तुमची इनिट.ईएल शंभर-दोनशे ओळींची असेल तर ती कंपाइल करूच नका, असं आम्ही सुचवू. सुरुवातीला लागणारा बहुतेक वेळ पॅकेजं लोड होण्यात जातो, आणि ती कंपाइल झालेलीच असतात.

प्रश्न : सगळ्या .ईएलसी फायली वेगळ्या एका फोल्डरमध्ये गेल्या तर मूळ फोल्डर स्वच्छ राहील. असं करता येतं का? — एक वाचक, नांदेड

करता येतं, पण करू नका.

बाइट-कंपाइल-डेस्ट-फाइल-फंक्शन नावाचं व्हेरिएबल आहे. त्यात असं फंक्शन द्यायचं, जे मूळ फाइलीचं नाव घेऊन .ईएलसीचा पत्ता परत देईल. त्या नव्या फोल्डरचं नाव लोड-पाथमध्ये (ईमॅक्स फायली जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) मूळ फोल्डरच्या आधी घालावं लागतं, नाहीतर ईमॅक्सला आधी .ईएल सापडते आणि कंपाइल केलेलं वाया जातं. इथपर्यंत चालतं. पुढे दोन गोष्टी मोडतात.

पहिली लोड-प्रिफर-न्यूअर. ईमॅक्स लोड-पाथमधल्या एका फोल्डरपुरतीच नवी-जुनी अशी तुलना करतं. पहिल्या फोल्डरमध्ये .ईएलसी सापडली की ते तिथेच थांबतं; पुढच्या फोल्डरमधली .ईएल कालच बदललेली आहे हे ते बघतच नाही. म्हणजे लातूरच्या वाचकाला जो त्रास होतोय तो तुम्हाला कायमचा, आणि सूचनेशिवाय.

दुसरी नेटिव्ह कंपाइल. .ईएलसी लोड करताना ईमॅक्स तिच्या नावातलं शेवटचं अक्षर काढून त्याच जागी .ईएल किंवा .ईएल.जीझेड आहे का ते तपासतं. कारण .ईएलएन फाइलीच्या नावात दोन हॅश असतात, एक मूळ फाइलीच्या पत्त्याचा आणि एक तिच्या मजकुराचा. मूळ फाइल सापडली नाही तर हॅश काढता येत नाही, "मूळ फाइल नसल्याने ईएलएन शोधता येत नाही" अशी सूचना येते आणि ईमॅक्स साध्या बाइटकोडवर समाधान मानतं. फोल्डर स्वच्छ दिसण्यासाठी वेग घालवला, एवढंच हाती लागतं.

.ईएलसी मूळ फाइलीशेजारीच राहू द्या आणि नजरेआड करा. गिटसाठी इग्नोरची ओळ पुरते. ईमॅक्सच्या डायर्डमध्ये, म्हणजे फोल्डरमधल्या फायली दाखवणाऱ्या बफरमध्ये, डायर्ड-ओमिट-मोड चालू केला की .ईएलसी यादीत दिसत नाहीत. बाकीचा पसारा, म्हणजे अलीकडच्या फायलींची यादी, ऑटोसेव्ह, बॅकअप, हा त्रास असेल तर नो-लिटरिंग हे पॅकेज बघा. ते या फायली सेटिंगच्या फोल्डरमध्ये ईटीसी आणि व्हार अशा दोन उपफोल्डरांत लावून देतं. .ईएलसीला ते हात लावत नाही, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न : मे महिन्यात ईमॅक्स अपडेट केल्यापासून उघडलं की लॅपटॉपचा पंखा जोरात फिरतो, मशीन तापतं. आमच्याकडे दुपारी लाइटही जाते. एकदा तशी गेल्यावर "लोडिंग फाइल... फेल्ड टू प्रोव्हाइड फीचर" अशी चूक येऊ लागली. — एक शिक्षिका, परभणी

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पंखा फिरतो कारण नव्या आवृत्तीसाठी सगळ्या .ईएलएन फायली नव्याने बनतायत. कॅशच्या आत प्रत्येक आवृत्तीचं वेगळं उपफोल्डर असतं, नावात आवृत्ती आणि एक हॅश. जुन्या आवृत्तीचं नवीला चालत नाही. हे काम ईमॅक्सच्या वेगळ्या प्रोसेस मागे करतात आणि मूळ सेटिंगनुसार प्रोसेसरचे निम्मे कोर वापरतात. परभणीच्या मे महिन्यातल्या दुपारी जुन्या लॅपटॉपला हे जड जाणारच. अर्ली-इनिट.ईएलमध्ये (सेटक्यू नेटिव्ह-कॉम्प-असिंक-जॉब्ज-नंबर १) असं लिहा, आकडा रोमनच. वेळ जास्त लागेल पण एकाच कोरवर काम चालेल. एकदा सगळं बनून झालं की पंखा शांत. काम कुठवर आलंय ते *असिंक-नेटिव्ह-कंपाइल-लॉग* या बफरमध्ये दिसतं. त्यात पिवळ्या सूचना भरपूर येतात. त्या बहुतेक पॅकेज लिहिणाऱ्यांसाठी असतात, तुम्ही सोडून द्या.

चूक मात्र लाइट गेल्याने आलेली दिसते. ईमॅक्स कंपाइल केलेली फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहितं आणि मग तिचं नाव बदलतं, त्यामुळे अर्धवट फाइल सहसा राहत नाही. पण डिस्कवर मजकूर पूर्ण उतरायच्या आत वीज गेली तर नाव आहे आणि आत काहीच नाही, अशी शून्य बाइटची फाइल उरू शकते. रिकामी .ईएलसी लोड करताना ईमॅक्सला काही चूक दिसत नाही; ती यशस्वीपणे लोड होते, फक्त तिने जे पुरवायचं ते पुरवत नाही. म्हणून ती सूचना. तुमच्या स्वतःच्या इनिट.ईएलसीचं असं झालं तर सूचनाही येत नाही, नुसती सगळी सेटिंग गायब.

चुकीच्या ओळीत फाइलीचा पूर्ण पत्ता असतो. टर्मिनलवर "एलएस -एल" देऊन तिचा आकार बघा. शून्य असेल तर ती .ईएलसी पुसा आणि ऑल्ट-एक्स बाइट-कंपाइल-फाइल चालवून .ईएलचं नाव द्या. आणखी रिकाम्या फायली असू शकतात, त्या एकदम शोधायला:

फाइंड ~/.कॉन्फिग/ईमॅक्स ~/.कॅश/ईमॅक्स -टाइप एफ -साइझ ०

इथे -डिलीट लावू नका. यादी बघा आणि नावाच्या शेवटी .ईएलसी किंवा .ईएलएन असेल तेवढ्याच पुसा. काही पॅकेजांत रिकाम्या फायली मुद्दाम ठेवलेल्या असतात. रिकामी .ईएल सापडली तर तो वेगळा आणि गंभीर मामला आहे. ती गिटमधून किंवा बॅकअपमधून परत आणावी लागेल.

प्रश्न : प्रयोगशाळेतल्या चाळीस मशीनवर विद्यार्थ्यांचं होम फोल्डर सर्व्हरवरून येतं. ईएलएन-कॅशमुळे कोटा भरतो. काही मशीनवर .ईएलएन लोड होत नाही, एका जुन्या मशीनवर तर ईमॅक्स थेट बंद पडतं. — प्रयोगशाळा सहायक, जालना

कोट्यापासून सुरुवात करू. कॅश प्रत्येक मशीनच्या स्थानिक डिस्कवर न्या. विद्यार्थ्याच्या नावाचं उपफोल्डर करा, मालकी त्याचीच आणि परवानगी ७००. सगळ्यांना लिहिता येईल असं एकच सामायिक फोल्डर कृपा करून करू नका. .ईएलएन हा चालणारा कोड आहे. एकाने तिथे बदललेली फाइल ठेवली की ती दुसऱ्याच्या खात्यात, त्याच्या अधिकाराने चालते. सगळ्यांना तयार .ईएलएन द्यायच्या असतील तर ईमॅक्स सोर्सपासून बांधताना --विथ-नेटिव्ह-कंपाइलेशन=एओटी हा पर्याय द्या. मग ईमॅक्ससोबतच्या सगळ्या फायली बांधतानाच कंपाइल होतात आणि सिस्टीमच्या, फक्त वाचता येणाऱ्या फोल्डरमध्ये बसतात. विद्यार्थ्याच्या कॅशमध्ये त्याने घेतलेल्या पॅकेजांपुरतंच काही जातं.

लोड न होणाऱ्या मशीनवर "फाइंडएमएनटी" कमांड चालवा आणि कॅश ज्या डिस्कवर आहे तिच्या पर्यायांत नोएक्झेक आहे का ते बघा. सुरक्षेसाठी अनेक ठिकाणी होम किंवा टेम्प फोल्डर असं जोडतात. नोएक्झेक असलेल्या जागेवरून शेअर्ड लायब्ररी मेमरीत घेता येत नाही, "फेल्ड टू मॅप सेगमेंट" अशी चूक येते. फाइल तिथे असते, परवानगी बरोबर असते, तरी लोड होत नाही. म्हणून लोक तासन्‌तास परवानग्या तपासत बसतात. नोएक्झेक नसलेली जागा निवडा. ती उपलब्धच नसेल तर (सेटक्यू नेटिव्ह-कॉम्प-जिट-कंपाइलेशन निल) लिहून मागून होणारं कंपाइल बंद करा. .ईएलसीला नोएक्झेकची अडचण नाही, ती ईमॅक्स साध्या फाइलीसारखी वाचतं.

बंद पडणाऱ्या मशीनवर "इल्लीगल इन्स्ट्रक्शन" असा संदेश येतो का ते बघा. येत असेल तर कुणीतरी नेटिव्ह-कॉम्प-कंपायलर-ऑप्शन्समध्ये -मार्च=नेटिव्ह घातलंय. त्याने नव्या प्रोसेसरवर बनलेल्या फायलींत जुन्या प्रोसेसरला ठाऊक नसलेल्या सूचना येतात. कॅशच्या उपफोल्डरचं नाव ईमॅक्सच्या आवृत्तीवरून आणि बांधणीवरून ठरतं, प्रोसेसरच्या मॉडेलवरून नाही, म्हणून जुनं मशीन तीच फाइल उचलतं. तो पर्याय काढा आणि कॅश पुसा. नुसता पर्याय काढून उपयोग नाही. आधी बनलेल्या फायली तशाच राहतात.

प्रश्न : ~/.कॉन्फिग/ईमॅक्समध्ये सगळी सेटिंग असताना ईमॅक्स एके दिवशी कोरं उघडलं. कॅश साफ केल्यामुळे झालं का? — एक वाचक, हिंगोली

कॅश पुसल्याने सेटिंग जात नाही. होम फोल्डरमध्ये ~/.ईमॅक्स.डी नावाचं फोल्डर तयार झालंय का ते बघा. ईमॅक्स २७ पासून .कॉन्फिगमधली जागा चालते, पण ~/.ईमॅक्स.डी किंवा ~/.ईमॅक्स असेल तर त्यांना पहिला मान, मग ते फोल्डर रिकामं का असेना. एखादं साधन, स्क्रिप्ट किंवा जुना ईमॅक्स ते फोल्डर बनवतो आणि खरी सेटिंग झाकली जाते. आत आपलं काही नाही याची खात्री करून ते पुसा.

जुन्या आवृत्त्यांची कॅश काढायला ईमॅक्स २९ मध्ये ऑल्ट-एक्स नेटिव्ह-कंपाइल-प्रून-कॅश आहे. चालू आवृत्तीचं फोल्डर सोडून बाकीची ते काढतं. दोन आवृत्त्या आलटून पालटून वापरत असाल तर मात्र ते चालवू नका, दुसरीची कॅश दर वेळी नव्याने बनत राहील.

प्रश्न : विंडोजवर ही कॅश कुठे असते? पुसायला गेलं तर "फाइल वापरात आहे" म्हणतं. — एक वाचक, बीड

होम ठरवून दिलेलं नसेल तर विंडोजवरचं ईमॅक्स ॲपडेटा\रोमिंग या फोल्डरला होम मानतं; .ईमॅक्स.डी आणि कॅश तिथेच. कार्यालयाच्या नेटवर्कवर रोमिंग प्रोफाइल असेल तर हे फोल्डर लॉगिन-लॉगआउटला सर्व्हरवर ये-जा करतं, म्हणून कॅश ॲपडेटा\लोकलमध्ये वळवणं तिथे फार उपयोगाचं. पद्धत वर दिलेलीच. विंडोज चालू प्रोग्रामने उघडलेली लायब्ररी पुसू देत नाही, तेव्हा ईमॅक्सच्या सगळ्या खिडक्या आणि मागे चालणारा डेमन बंद करून मग पुसा. .ईएलएन.ओल्ड अशा नावाच्या फायली दिसल्या तर त्या ईमॅक्सनेच बाजूला ठेवलेल्या जुन्या फायली आहेत, काढून टाका.

प्रश्न : निओव्हिममध्येही असं काही असतं का? पॅकर सोडून लेझी घेतलं, तरी उघडताना जुन्या प्लगइनच्या चुका येतात. — एक वाचक, धाराशिव

असतं, पण सोपं आहे. निओव्हिम ०.९ पासून इनिट.लुआच्या पहिल्या ओळीत व्हिम.लोडर.एनेबल() लिहिलं की लुआ फायलींचा बाइटकोड ~/.कॅश/एनव्हिम/लुआक या फोल्डरमध्ये साठतो. प्रत्येक वेळी मूळ फाइलीचा आकार आणि वेळ तपासली जाते, त्यामुळे शिळी फाइल लोड होण्याचा प्रकार क्वचितच. जागा बदलायची तर एक्सडीजी_कॅश_होम हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलायचं. हे नाव मोठ्या अक्षरांत. पण त्याने फक्त निओव्हिमच नाही, ते मानणाऱ्या सगळ्या प्रोग्रामांची कॅश हलते.

तुमच्या चुकांचं कारण दुसरं आहे. पॅकर (लेझीसारखंच प्लगइनं सांभाळणारं साधन) आपली तयार केलेली फाइल कॅशमध्ये नाही, थेट सेटिंगमध्ये ठेवतो: ~/.कॉन्फिग/एनव्हिम/प्लगइन/पॅकर_कंपाइल्ड.लुआ. प्लगइन फोल्डरमधली प्रत्येक फाइल निओव्हिम सुरू होताना आपोआप वाचतं. पॅकर गेला तरी ती फाइल तिथेच आहे आणि नसलेली प्लगइनं बोलावते आहे. ती एक फाइल पुसा, गिटमध्ये गेली असेल तर तिथूनही काढा.

प्रश्न : व्हिममध्ये स्पेलिंगसाठी स्वतःची शब्दयादी ठेवली आहे, गिटने दोन मशीनवर नेतो. दुसऱ्या मशीनवर नवे शब्द चूकच दाखवतात. — एक वाचक, अंबाजोगाई

.ॲड ही तुमची यादी, .ॲड.एसपीएल हे तिचं कंपाइल झालेलं रूप. व्हिम तपासणीला दुसरीच वापरतं. झेड-जी दाबून शब्द घातला की दोन्ही बदलतात, पण गिटने नुसती .ॲड बदलली तर .एसपीएल जुनीच राहते. पुल केल्यावर यादीची फाइल व्हिममध्ये उघडा आणि :एमकेस्पेल! % द्या. उद्गारचिन्ह विसरू नका, त्याशिवाय व्हिम आधीच्या .एसपीएलवर लिहायला नकार देतं. ही फाइलही यादीच्या शेजारीच राहू द्या आणि .गिटइग्नोरमध्ये *.ॲड.एसपीएल घाला. नुसतं *.एसपीएल नको, तुम्ही उतरवून घेतलेला एखाद्या भाषेचा मूळ कोश त्याच फोल्डरमध्ये असेल तर तोही गिटमधून सुटेल, आणि तो शब्दयादीपासून पुन्हा बनत नाही. एमकेस्पेल झाल्यावर व्हिम बंद करून उघडायची गरज नाही, चालू बफरमध्ये नवी यादी लगेच लागू होते.